लंडनच्या राजपहाऱ्यासमोर उभे राहण्यापूर्वी: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

माझी मावशी साताऱ्याकडच्या शेतकरी घरातली. बैल, म्हशी, वासरे यांच्यात तिचा जन्म गेला. तीन वर्षांपूर्वी ती लंडनला आली, तेव्हा मला कामावरून सुटी मिळाली नाही, म्हणून एका सहल कंपनीच्या गटाबरोबर मी तिला शहर पाहायला पाठवले. व्हाइटहॉल रस्त्यावरच्या हॉर्स गार्ड्स इमारतीच्या फाटकाशी घोडेस्वार पहारेकऱ्यांजवळ गट थांबला आणि बरोबरच्या मार्गदर्शकाने सर्वांना सांगितले, की अगदी जवळ जा, फोटो चांगला येतो. मावशीने फोटोचा विचारही केला नाही. गोठ्यात बैलाच्या कपाळावर हात ठेवावा, तितक्या सहजपणे तिने त्या काळ्या घोड्याच्या कपाळाकडे हात नेला. घोड्याने मान खाली घातली, तिच्या स्वेटरची बाही आतल्या हातासकट दातांत धरली आणि हिसका दिला. त्याच क्षणी वरून सैनिक मोठ्याने ओरडला. मनगटाच्या वर दातांचे दोन निळे वण उमटले होते आणि ते आठवडाभर राहिले. मावशीला मात्र त्या वणांपेक्षा ते ओरडणे जास्त लागले. संध्याकाळी घरी आल्यावर ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती, “माझं चुकलं तरी काय? मी तर त्याला गोंजारतच होते.”

तिचा उद्देश चांगला होता, पण तिला आधी काहीच सांगितले गेले नव्हते. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी या ठिकाणी स्वतः घेऊन जातो आणि घरून निघण्यापूर्वी चहा घेताना जे सांगतो, तेच येथे क्रमाने लिहीत आहे. मुले किंवा आईवडील पहिल्यांदा लंडनला येणार असतील, तर हे त्यांना आधीच वाचून दाखवा.

१. समोर कोण उभा आहे, हे आधी ओळखा

लाल डगला आणि उंच काळी टोपी घातलेला, पुतळ्यासारखा स्तब्ध माणूस हा पर्यटकांसाठी सजवून उभा केलेला कलाकार आहे, असा समज आपल्याकडून येणाऱ्या अनेकांचा असतो, आणि पुढच्या बहुतेक चुका याच समजातून होतात. तो ब्रिटिश लष्करातला प्रशिक्षित सैनिक आहे. त्याच्या पलटणी युद्धभूमीवरही जातात. त्याच्या हातातली रायफल लष्करात रोज वापरली जाणारी खरी रायफल असते आणि तिच्या टोकाची संगीन पोलादाची असते. तो हलत नाही, बोलत नाही, याचा अर्थ त्याला काहीही केले तरी चालते, असा होत नाही. पहाऱ्यावर असताना त्याला तसाच हुकूम असतो.

पायी पहारा देणारे सैनिक मुख्यत्वे पाच पलटणींचे असतात: ग्रेनेडियर, कोल्डस्ट्रीम, स्कॉट्स, आयरिश आणि वेल्श गार्ड्स. त्यांना ओळखण्याची सोपी खूण डगल्याच्या गुंड्यांत आहे. ग्रेनेडियरच्या गुंड्या एकेक सारख्या अंतरावर असतात, कोल्डस्ट्रीमच्या दोन-दोनच्या जोडीने, स्कॉट्सच्या तीन-तीन, आयरिशच्या चार-चार आणि वेल्शच्या पाच-पाच. थंडीत लाल डगल्यावर राखाडी ओव्हरकोट येतो, पण गुंड्यांची मांडणी त्याच्यावरही वाचता येते. मुले बरोबर असतील, तर त्यांना हे काम द्या. दुरून गुंड्या मोजण्यात ती रमतात आणि जवळ जाण्याचा हट्ट करत नाहीत. उंच टोपी अस्वलाच्या कातडीची असते. २०१२ साली स्कॉट्स गार्ड्समधल्या एका शीख सैनिकाने त्या टोपीऐवजी पगडी बांधून बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारा दिला आणि असे करणारा तो पहिलाच ठरला. गुरखा सैनिकही काही वेळा हा पहारा सांभाळतात, तेव्हा त्यांचा वेष निराळा असतो. वेष वेगळा दिसला, म्हणून ते कमी अधिकाराचे समजू नका.

घोडेस्वार वेगळे. ते राजघराण्याच्या घोडदळाचे असतात आणि त्यात दोन पलटणी आहेत. लाल डगला आणि शिरस्त्राणावर पांढरा तुरा असेल, तर तो लाइफ गार्ड्सचा सैनिक. निळा डगला आणि लाल तुरा असेल, तर ब्लूज अँड रॉयल्सचा.

तिसरा वर्ग टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यातल्या योमन वॉर्डरांचा, म्हणजे तिथल्या रखवालदारांचा. लोक त्यांना बीफईटर म्हणतात. किमान २२ वर्षे सैन्यात नोकरी केलेली ही माणसे असतात. त्यांच्याशी बोलता येते, प्रश्न विचारता येतात, विनंती केल्यास फोटोही काढता येतो, आणि ते गोष्टी फार रंगवून सांगतात. गंमत अशी, की आपले पाहुणे नेमके यांच्याशी बोलायला संकोचतात आणि ज्याच्याशी बोलू नये, त्या संतरीसमोर जाऊन हातवारे करतात.

२. वार आणि वेळ ठरवा

बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहाराबदल साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी ११ वाजता होतो आणि सुमारे ४५ मिनिटे चालतो. तो पाहायला तिकीट लागत नाही. जोराचा पाऊस असला किंवा दुसरा सरकारी समारंभ असला, तर तो रद्द होतो. म्हणून आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, असे दोनदा अधिकृत वेळापत्रक पाहा. राजवाड्याबाहेर पहाराबदलाची तिकिटे विकणारा कोणी भेटला, तर त्याच्याशी व्यवहार करू नका. ज्या कार्यक्रमाला तिकीटच नाही, त्याचे पैसे तो मागत असतो.

हॉर्स गार्ड्सचा घोडेस्वारांचा पहाराबदल रोज होतो. सोमवार ते शनिवार सकाळी ११ वाजता आणि रविवारी १० वाजता. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि तो मंगळवार किंवा गुरुवार आहे, त्यांनी निराश न होता येथे यावे. ज्येष्ठ मंडळींसाठी तर मी हेच ठिकाण आधी सुचवतो, कारण मागचे कवायतीचे मैदान मोठे आहे, गर्दी राजवाड्यापेक्षा बरीच कमी असते आणि सगळे उघड्यावर समोर दिसते. दुपारी ४ वाजता येथे आणखी एक छोटी तपासणी होते. १८९४ साली राणी व्हिक्टोरियाला पहाऱ्यावरचे सैनिक दारू पिताना आणि जुगार खेळताना सापडले, म्हणून पुढची १०० वर्षे रोज ४ वाजता तपासणी करण्याची शिक्षा तिने ठोठावली, असे सांगतात. शंभर वर्षे उलटली, तरी तपासणी मात्र चालूच राहिली. या वेळी लोक कमी असतात.

लंडनबाहेरच्या विंडसर किल्ल्याचा पहाराबदल साधारणपणे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ११ वाजता असतो. येथे एक फसगत हमखास होते. मंगळवारी आणि बुधवारी विंडसरचा किल्ला पर्यटकांना बंद असतो. त्यामुळे मंगळवारी गेल्यास रस्त्यावरून जाणारे संचलन तेवढे दिसते, आतला पहाराबदल दिसत नाही.

३. बरोबर काय घ्यावे आणि काय घरी ठेवावे

रस्त्यावरून पहाराबदल पाहायला कोणतेही कागदपत्र दाखवावे लागत नाही. टॉवर, विंडसरचा किल्ला किंवा राजवाड्याचा आतला भाग पाहायचा असेल, तर मात्र पुढील गोष्टी जवळ असू द्या.

• प्रवेशाचे तिकीट, फोनमध्ये आणि एका कागदावरही. गर्दीच्या दिवशी फोनचे नेट सावकाश चालते.
• पासपोर्टची छायाप्रत. मूळ पासपोर्ट निवासाच्या जागी सुरक्षित ठेवा.
• प्रवास विम्याचा क्रमांक आणि इकडच्या नातेवाइकाचा फोन नंबर, कागदावर लिहिलेला, ज्येष्ठांच्या खिशात.
• पुढून बंद असलेले बूट. चपला किंवा सँडल नकोत. नाल ठोकलेला घोड्याचा पाय बोटांवर पडला, तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.
• छत्रीऐवजी रेनकोट. गर्दीत उघडलेली छत्री मागच्याच्या डोळ्याला लागते आणि घोड्यासमोर अचानक उघडली, तर तो बिथरू शकतो.
• पाणी, औषधे आणि लहान पिशवी. प्रत्येक तिकिटाच्या ठिकाणी पिशव्या तपासल्या जातात, मोठी बॅग त्रासाची ठरते.

ड्रोन आणूच नका. मध्य लंडनच्या आकाशात आणि शाही उद्यानांत परवानगीशिवाय ड्रोन उडवणे नियमबाह्य आहे, आणि राजवाड्याच्या आसपास पोलीस ते हौस म्हणून सोडून देत नाहीत.

४. राजवाड्यासमोरच्या गर्दीत

ग्रीन पार्क, सेंट जेम्सेस पार्क आणि व्हिक्टोरिया ही तीन स्टेशने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कुंपणाच्या जाळीला चिकटून उभे राहायचे असेल, तर १० वाजण्याच्या आत पोहोचा. समोरच्या व्हिक्टोरिया स्मारकाच्या पायऱ्यांवरून येणारे-जाणारे संचलन अधिक चांगले दिसते. कुंपणाजवळून आतले दिसते, पण बँडची चाल दिसत नाही. दोन्ही एका ठिकाणाहून मिळत नाही, हे आधीच मनाशी मान्य केले की धावाधाव होत नाही, आणि या गर्दीत धावाधाव हाच मोठा धोका असतो. नवा पहारा बर्डकेज वॉकवरच्या वेलिंग्टन बराकीतून निघतो. तेथे, बराकीच्या कुंपणाबाहेर उभे राहिल्यास तयारी निवांत पाहता येते, आणि आईवडिलांना घेऊन आल्यास मी बहुतेक वेळा तेथेच थांबतो.

संचलन येत असताना रस्ता ओलांडू नका. पोलिसांनी अडवले, तर वाद घालू नका, आणि पोलीस नसतील, तरीही स्वतःच थांबा. संचलनातली तुकडी वाटेत आलेल्या माणसासाठी थांबत नाही. सैनिकांच्या रायफलींना संगिनी लावलेल्या असतात आणि मागची रांग पुढच्या रांगेच्या पावलावर पाऊल टाकत येत असते. फोनच्या पडद्यात पाहत मागे-मागे सरकणाऱ्या माणसाला हे कळत नाही. फोटो काढायचा असेल, तर आधी दोन्ही पाय पदपथावर पक्के ठेवा आणि मगच फोन वर करा.

खिसेकापूंचा धोका येथे खरा आहे. बँड वाजू लागला की सगळ्यांचे हात वर जातात आणि नजर एकाच दिशेला लागते. चोराला तेवढेच हवे असते. पर्स पुढे घ्या, मागच्या खिशात काही ठेवू नका आणि फोन रस्त्याच्या कडेला लांब हात करून धरू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार लंडनमध्ये वारंवार घडतात.

राजवाड्याच्या कुंपणावर चढणे, मुलाला त्यावर उभे करणे किंवा जाळीतून हात घालून आतल्या सैनिकाला हाका मारणे टाळा. परवानगीशिवाय आत शिरणे हा येथे कायद्याने गुन्हा आहे आणि सशस्त्र पोलीस क्षणात येतात. एकेकाळी हे संतरी कुंपणाबाहेर, लोकांमध्येच उभे असत. पर्यटकांचा त्रास इतका वाढला, की १९५९ साली त्यांना कुंपणाच्या आत हलवले. जाता जाता संतरी मोजा. पुढच्या बाजूस चार असतील, तर राजे राजवाड्यात आहेत, दोन असतील, तर नाहीत. छपरावरचा ध्वजही हेच सांगतो.

५. पायी पहारा देणाऱ्या संतरीजवळ

बकिंगहॅमला मध्ये कुंपण असते, पण विंडसरमध्ये आणि टॉवरमध्ये संतरी काही पावलांवर दिसतो. तो साधारण दोन तास पहाऱ्यावर असतो आणि मग चार तास विश्रांती घेतो. पहाऱ्याच्या काळात तो ठरावीक वेळाने रायफल खांद्यावर घेऊन काही पावले चालतो, वळतो आणि परत येतो. त्याची ही वाट रिकामी ठेवणे, एवढा एक नियम पाळला, तरी बहुतेक प्रसंग टळतात. जमिनीवर साखळी, दोरी किंवा रेघ असेल, तर तिच्या बाहेर राहा. काहीच नसेल, तर चार-पाच पावले अंतर ठेवा आणि त्याच्या चौकीसमोरची सरळ रेषा मोकळी सोडा.

फोटो काढायला हरकत नाही. त्याच्या बाजूला, अंतर ठेवून उभे राहा, फोटो घ्या आणि पुढच्यांना जागा द्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवणे, टोपीला हात लावणे, रायफल धरणे, त्याच्यासारखी चाल करून दाखवणे, नाकासमोर चुटक्या वाजवणे किंवा त्याला हसवण्याची पैज लावणे, हे करू नका. समाजमाध्यमांवर अशा चित्रफिती फार फिरतात, त्यामुळे हा खेळच आहे, असे कॉलेजातल्या मुलांना वाटते. त्यांना एकदा सांगून पाहा, की तुझ्या कामाच्या जागी दर दोन मिनिटांनी नवा माणूस येऊन तुझ्या तोंडासमोर हात हलवू लागला आणि तुला मान वळवण्याचीही मुभा नसली, तर कसे वाटेल. माझ्या भाच्याला एवढे पुरले.

संतरी इशारे पायरीपायरीने देतो, ते ओळखायला शिका. आधी तो एकदम सावधान स्थितीत येतो आणि बूट जमिनीवर आपटतो. त्याने लोक हटले नाहीत, तर तो मोठ्याने ओरडतो. “स्टँड बॅक फ्रॉम द किंग्ज गार्ड” म्हणजे राजाच्या पहाऱ्यापासून दूर व्हा. “मेक वे फॉर द किंग्ज गार्ड” म्हणजे वाट सोडा. तेवढ्यानेही भागले नाही, तर तो रायफल पुढे धरू शकतो आणि पोलिसांना बोलावू शकतो. ही दोन वाक्ये इंग्रजी न येणाऱ्या ज्येष्ठांकडून घरीच चार वेळा म्हणवून घ्या, म्हणजे ऐकू आल्यावर ती त्यांना शिवीसारखी वाटणार नाहीत. ओरडणे ऐकल्यावर काय करायचे, तेही सांगून ठेवा: जागच्या जागी गोंधळून उभे न राहता दोन पावले बाजूला सरायचे, झाले. माफी मागायला पुन्हा त्याच्याजवळ जायचे नाही. तो उत्तर देणार नाही आणि तुम्ही पुन्हा त्याच्या वाटेत आलेले असाल.

उन्हाळ्यात कधी एखादा सैनिक भोवळ येऊन कोसळतो. जून २०२३ मध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाच्या सरावात युवराज विल्यम यांच्यासमोर असे घडले होते. आपल्या माणसाला अशा वेळी पाणी घेऊन धावावेसे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्याचे सहकारी आणि वैद्यकीय पथक तेथेच असतात. तुम्ही जागेवर थांबलात, तर त्यांना वाट मिळते.

६. घोड्याजवळ

हा भाग मी सर्वांत काळजीपूर्वक समजावतो. हॉर्स गार्ड्सच्या व्हाइटहॉलकडच्या बाजूला दोन चौक्यांत दोन घोडेस्वार सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत उभे असतात आणि दर तासाला बदलतात. वेस्टमिन्स्टर किंवा चेरिंग क्रॉस स्टेशनापासून हे ठिकाण जवळ आहे. येथे रस्ता आणि घोडा यांच्यात फारसे अंतर नाही. कोणीही चालत जाऊन घोड्याच्या नाकापर्यंत पोहोचू शकतो. जवळच पाटी लावलेली आहे, की घोडे लाथ मारू शकतात किंवा चावू शकतात. ती वाचूनही लोक हात पुढे करतात, कारण घोडा शांत दिसतो.

मावशीच्या प्रसंगानंतर मी एका रविवारी दीड तास समोरच्या पदपथावर उभा राहून केवळ पाहत होतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला दूरवरचे, आजूबाजूचे भरपूर दिसते, पण अगदी कपाळासमोरचे आणि नाकाखालचे नीट दिसत नाही. नेमका तेथेच माणूस प्रेमाने हात नेतो. घोड्याच्या दृष्टीने तो हात अचानक कोठून तरी उगवतो. त्यातून तासभर एका जागी उभे राहून तो कंटाळलेला असतो आणि दिवसभरात शेकडो अनोळखी हात त्याच्या तोंडाजवळ आलेले असतात. त्या दीड तासात मी जे टिपले, ते असे: कान मागे चपटे झाले, शेपटी झटकू लागली, मान एकदम खाली आली किंवा एक पाय जमिनीवर आपटू लागला, की पुढच्या काही क्षणांत दात पुढे येत. लोक त्या वेळी घोड्याकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे पाहत असत, म्हणून त्यांना यातले काहीच दिसत नसे. ओढणी, शालीचा पदर, लांब वेणी, गळ्यातली पर्स, हातातला फोन, हे सगळे घोड्याच्या तोंडाच्या उंचीवर येते आणि तो ते ओढतो.

आता स्वाराकडे पाहा. त्याच्या उजव्या हातात उपसलेली तलवार असते. म्हणजे लगाम सांभाळायला त्याला डावाच हात मोकळा असतो. अंगावर धातूचे चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण. अशा अवस्थेत त्याला काही शे किलो वजनाचे जनावर एका जागी स्थिर ठेवायचे असते. लगामाला तुम्ही हात लावलात, की घोड्याच्या तोंडातल्या कडीला ओढ बसते, आणि घोड्याला ती स्वाराची आज्ञा वाटते. तो एक पाऊल पुढे टाकेल, मागे सरेल किंवा वळेल, आणि त्याच्या मागे-पुढे मुले उभी असतील. लगामाला हात लागताच स्वार इतक्या जोराने का ओरडतो, याचे कारण हे आहे. तो त्या गर्दीचे रक्षण करत असतो.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. मावशीला मी एवढेच विचारले, की नांगराला जुंपलेल्या बैलाचा कासरा परक्या माणसाने येऊन ओढला, तर मामा काय म्हणतील? ती लगेच म्हणाली, “म्हणतील काय, चाबूकच उगारतील.” तिचा राग त्या क्षणी उतरला.

तेव्हा येथे पाळायच्या गोष्टी. घोड्याच्या बाजूला, निदान दोन हात अंतर ठेवून उभे राहा, तोंडासमोर किंवा पाठीमागे उभे राहू नका. पाठ घोड्याकडे करू नका, अर्धे वळून उभे राहा, म्हणजे फोटोही येईल आणि घोडाही दिसत राहील. हात लावू नका, काही खाऊ घालू नका, गाजर, साखर, बिस्कीट यातले काहीही नाही. फ्लॅश बंद ठेवा. लहान मुलाला उचलून घोड्याच्या तोंडाशी नेऊ नका. शिट्टी, टाळी, अचानक ओरडणे टाळा.

मोठ्या आवाजाने घोडे कसे बिथरतात, हे लंडनने २४ एप्रिल २०२४ रोजी पाहिले. सरावासाठी बाहेर पडलेल्या घोडदळाच्या तुकडीजवळ बेलग्रेव्हिया भागात एका बांधकामावरून मलबा उंचावरून खाली टाकला गेला, त्या आवाजाने घोडे उधळले आणि मध्य लंडनच्या रस्त्यांवरून धावत सुटले. सैनिक जखमी झाले, घोडेही गंभीर जखमी झाले. ही जनावरे रोज रहदारीत वावरणारी, शिकवलेली होती. तरीही तसे घडले.

ज्यांना घोडा जवळून पाहण्याची खरीच ओढ आहे, त्यांच्यासाठी त्याच इमारतीत घोडदळाचे संग्रहालय आहे. तिकीट काढून आत गेले, की काचेपलीकडे चालू पागा दिसते. घोड्यांना खरारा करणे, खोगीर चढवणे, नाल तपासणे, हे सगळे तेथे निवांत पाहता येते. पुढच्या वेळी मावशी त्या काचेसमोर पाऊण तास उभी होती. “चारा चांगला आहे,” एवढेच ती म्हणाली.

७. टॉवर ऑफ लंडनमध्ये

टॉवरच्या आवारातले संतरी रत्नागाराच्या इमारतीबाहेर आणि राजाच्या घराजवळ असतात. त्यांच्या तुकड्या आवारातून ठरावीक वाटेने जातात आणि येथल्या दगडी वाटा अरुंद आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये अशाच एका तुकडीच्या वाटेत एक मूल आले आणि सैनिकाच्या धक्क्याने खाली पडले. सैनिकाने त्याला ओलांडून जाण्याचा प्रयत्न केला होता आणि मूल सुखरूप असल्याची नंतर खात्री केली गेली, असे संरक्षण खात्याने सांगितले. सैनिकाची टोपी डोळ्यांपर्यंत उतरलेली असते, त्यामुळे कमरेएवढे मूल त्याला ऐनवेळीच दिसते. बुटांचा एकसारखा आवाज येऊ लागला, की मुलाचा हात धरून भिंतीकडे सरा.

रत्नागाराच्या आत फोटो काढायला बंदी आहे. कोहिनूर तेथेच, क्वीन मदर म्हणजे राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटात आहे. तो पाहताना आपल्या मनात जे येते, ते अगदी रास्त आहे, पण ते पहारेकऱ्याला ऐकवण्यात अर्थ नाही. योमन वॉर्डरला विचारा, तो नीट बोलेल. रात्री ९ वाजून ५३ मिनिटांनी सुरू होणारा चाव्यांचा सोहळा, म्हणजे टॉवरचे दरवाजे बंद करण्याचा सुमारे ७०० वर्षांचा रिवाज, पाहायचा असेल, तर त्याचे तिकीट कित्येक महिने आधी काढावे लागते. उशिरा आल्यास प्रवेश मिळत नाही आणि तेथेही फोटो काढता येत नाहीत.

८. काही घडलेच तर

घोडा चावला किंवा धक्का लागला, तर आधी बाजूला व्हा आणि जवळच्या पोलिसाला सांगा. तेथे पोलीस जवळपास असतातच. पहाऱ्यावरच्या स्वाराशी हुज्जत घालू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने बराच वेळ धुवा. कातडी फाटली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली, ते आठवून ठेवा. आपल्याकडचे लोक अशा वेळी रेबीजच्या भीतीने फार घाबरतात. ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज आढळत नाही, तेव्हा ती भीती बाळगू नका, पण जखमेत जंतू होऊ शकतात, म्हणून दाखवणे टाळूही नका. सल्ल्यासाठी १११ आणि जिवाला धोका असल्यास ९९९ हा क्रमांक लावा. परदेशी पाहुण्याला रुग्णालयाच्या अपघात विभागातले तातडीचे उपचार मोफत मिळतात, मात्र दाखल करून घेतले, तर बिल येते. विम्याचा क्रमांक खिशात असावा, तो यासाठी.

फोन किंवा पाकीट चोरीला गेल्यास १०१ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. विमा कंपनी पहिल्यांदा तोच विचारते.

गर्दीत एखादे मूल हरवले, तर शोधत सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांना जाऊ नका. एकाने शेवटच्या जागी थांबावे आणि एकाने पोलिसाकडे जावे. मुलाला सकाळीच दाखवून ठेवा, की हरवलास तर पिवळे जाकीट घातलेल्या पोलिसाकडे जायचे, लाल डगल्याच्या सैनिकाकडे नाही. मुलाला तो सैनिक अधिक ओळखीचा आणि विश्वासाचा वाटतो, हे मी माझ्या पुतणीच्या बाबतीत पाहिले आहे. ती रडत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती, आणि तो समोर पाहतच राहिला. मागून एका पोलीस बाईंनी येऊन तिला उचलून घेतले. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असते, आणि ग्रीन पार्क स्टेशनाच्या पायऱ्या चढून वर आल्यावर पहिला पोलीस दिसला, की मी बोट करून तो त्यांना दाखवतो.